शिवरे फाट्यावर एक प्रहर

प्रवासवर्णन म्हटलें म्हणजे वाचकांच्या डोळ्यांसमोर काशी-रामेश्वर, काश्मीर अथवा निदान महाबळेश्वर तरी उभें राहतें. पुण्याहून साताऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरील एका फाट्याचें वर्णन कोणी लिहावें आणि कोणी वाचावें, अशी शंका येणें साहजिक आहे. परंतु मुक्कामासाठीं म्हणून जीं स्थळें आपण निवडतों, तेवढींच पाहण्यासारखीं असतात असें नाहीं. ज्या गांवांच्या नांवांच्या पाट्या आपण वर्षानुवर्षें धांवत्या वाहनांतून वाचीत आलों, त्यांपैकीं एखाद्या गांवीं प्रसंगवशात् उतरावें लागलें, तर तेथेंहि शिकण्यासारखें पुष्कळ निघतें. भोर तालुक्यांतील शिवरे हें असेंच एक गांव आहे.

पुण्याहून निघून कात्रजचा डोंगर ओलांडला कीं देश बदलल्याची जाणीव होते. हा डोंगर म्हणजे पाण्याची एक सीमाच आहे. त्याच्या उत्तर उतारावर पडलेला पाऊस मुठेच्या वाटेनें भीमेकडे जातो. दक्षिण उतारावरचा पाऊस शिवगंगेच्या खोऱ्यांत उतरून पुढें नीरेला मिळतो. एका माथ्यावरून असे विभक्त झालेले हे दोन प्रवाह शेवटीं इंदापूर तालुक्यांत नरसिंहपूरच्या संगमावर पुन्हां एकत्र येतात. याच डोंगराच्या पायथ्याशीं नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत तलाव बांधून तेथील पाणी नळानें पुण्यांत नेण्यांत आलें. त्या नळाच्या वाटेवर हवा खेळती राहावी म्हणून जे दगडी उच्छ्वास बांधले, त्यांपैकीं कांहीं पुणेकरांनीं पाहिले असतील. अशा नळाचें पाणी एके दिवशीं शहरांत पोंचलें नाहीं, तर सगळा नळ उखडून पाहण्याचें कारण नसतें. मधल्याच एका उच्छ्वासांत डोकवावें. तेथवर पाणी आलें असेल तर दोष पुढें आहे. आलें नसेल तर दोष मागें आहे. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी; पुढें तिचें प्रयोजन पडणार आहे.

बोगद्यांतून बाहेर पडल्यावर शिंदेवाडी, वेळू हीं गांवें मागें टाकीत रस्ता खेड-शिवापुरास येतो. शिवापूर हें नांव शिवछत्रपतींच्या बालपणाशीं जोडलेलें. तेथील कमरअली दरवेशाच्या दर्ग्यांतील दगड अनेकांनीं मिळून केवळ बोटांवर उचलण्याचा प्रघात तर सर्वश्रुत आहे. त्याच्या थोडें पुढें, पुण्यापासून अदमासें ३० किलोमीटरांवर, शिवरे लागतें. वायव्येस सिंहगड, नैर्ऋत्येच्या अंगास राजगड आणि पूर्वेस पुरंदर अशा तीन दुर्गांच्या मधोमध हें खोरें पसरलें आहे. पावसाळा सरतां सरतां भाताचीं खाचरें पोपटी दिसूं लागतात आणि डोंगरांवरून ढगांच्या सावल्या सरकतांना पाहून नागरी मनाचा शीण उतरतो. आज ज्यास आपण भोर तालुका म्हणतों त्याचा मोठा भाग १९४८ सालच्या विलीनीकरणापर्यंत पंतसचिवांच्या संस्थानांत मोडत असे. आतां या खोऱ्यावर सत्ता चालते ती रस्त्याची. एके काळचा चौथ्या क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग २०१० सालच्या फेररचनेनंतर ४८ व्या क्रमांकाचा झाला; बैलगाड्यांच्या सोबतीनें चालणाऱ्या जुन्या अरुंद सडकेच्या जागीं दुभंग केलेला, अनेकपदरी, अहोरात्र गर्जणारा मार्ग आला. शिवऱ्यासारखीं गांवें त्याच्या कांठीं राहतात, जशीं पूर्वीं एखाद्या नदीच्या कांठीं राहत. आणि नदीप्रमाणेंच त्याच्यापासून त्यांस लाभहि होतो व भयहि असतें.

गेल्या भाद्रपदांत माझा भाचा मला आपल्या गाडीनें नसरापूरच्या बनेश्वरास घेऊन निघाला होता. ही गाडी म्हणजे आमच्या घरांतील एक वादाचा विषय आहे. कैलासवासी मेहुण्यांनीं ती १९७८ सालीं मुंबईच्या एका पारशी गृहस्थांकडून घेतली. इंग्लंडांत १९६४ सालीं तयार झालेली, 'एम. जी. बी.' नांवाची, दोनच आसनांची, छप्पर कापडी. 'एम. जी.' हीं अक्षरें ऑक्सफर्ड येथील मॉरिस गॅरेजेस या पेढीच्या नांवावरून आलीं. 'एम. जी. बी.' हा प्रकार ॲबिंग्डन गांवच्या कारखान्यांत १९६२ पासून १९८० पर्यंत निघत होता आणि पांच लाखांहून अधिक गाड्या तेथून बाहेर पडल्या. आपल्याकडे अशी क्रीडा-गाडी त्या काळीं कोणी बनवीत नसे. मद्रासेस १९६१ पासून बनूं लागलेली 'स्टँडर्ड हेराल्ड' वाचकांपैकीं वडील मंडळींस आठवत असेल. तिच्याच सांगाड्यावरून इंग्लंडांत 'स्पिटफायर' नामक क्रीडा-गाडी काढली होती, एवढाच काय तो आपला त्या कुळाशीं दूरचा संबंध.

एकत्र कुटुंबास दोन आसनांच्या गाडीचा उपयोग काय, हा माझ्या भगिनीचा प्रश्न बिनतोड आहे. अंगणांतील अर्धी जागा ती अडविते, दिवाळीच्या सुमारास हटकून रुसते, आणि तिचा एखादा भाग हवा असला तर तो समुद्रापलीकडून मागवावा लागतो. गाडी विकून टाकावी, असें घरांतील बहुमत त्या सुमारास झालेंच होतें. भाच्याचें मन मात्र मोडवत नव्हतें. वडिलांच्या हाताचा स्पर्श असलेली दुसरी कोणतीहि वस्तु इतकी जिवंत राहिलेली नाहीं, असें तो म्हणे. शिवऱ्यास जें घडलें त्याला ही पार्श्वभूमि आहे.

सकाळीं नवाचा सुमार होता. फाट्याजवळ चहा घ्यावा म्हणून भाच्यानें गति कमी केली, सुकाणूच्या दांड्याजवळील खुंटी डावीकडे वळविली आणि गाडी महामार्गावरून सेवारस्त्याकडे उतरविली. त्याच क्षणीं मागें टायर घासल्याचा कर्कश आवाज झाला. मागून येणारी एक मोटारसायकल तिरपी होत होत आमच्या गाडीपासून हातभर अंतरावर थांबली. तीवर तिशीचा एक शेतकरी, मागें त्याची पत्नी, आणि दोघांच्या मध्यें चार-पांच वर्षांची मुलगी. मुलीच्या हातांतील बिस्किटांचा पुडा रस्त्यावर पडला होता. आतां शिव्यांची लाखोली ऐकावी लागणार असें मला वाटलें, परंतु तो गृहस्थ क्षणभर श्वास आवरून एवढेंच म्हणाला, "साहेब, वळायचं होतं तर साइड द्यायची होती."

"अहो, दिली होती," भाचा म्हणाला. आणि त्यानें खुंटी दाखविली. ती डावीकडेच वळलेली होती. मग आम्ही तिघेहि गाडीच्या मागें जाऊन उभे राहिलों. डावीकडचा पिवळा दिवा काळाठिक्कर होता. दोघेहि खरें बोलत होते. एकानें सांगितलें होतें आणि दुसऱ्यास तें ऐकूं गेलें नव्हतें. दोहोंच्या मधल्या अंतरांत तीन जिवांवर बेतलें होतें. भाच्यानें त्या गृहस्थाची हात जोडून क्षमा मागितली, मुलीस नवा पुडा आणून दिला, आणि तीं मंडळी आपल्या वाटेनें गेलीं. चहाची इच्छा कोणालाच उरली नव्हती.

येथें वळण्याची खूण देण्याच्या यंत्राविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. मोटारींच्या आरंभकाळीं ही खूण हातानेंच देत. पुढें खांबावर लपलेला एक लहानसा दांडा विजेच्या ओढीनें बाहेर येई आणि त्यांत दिवा लागे; रेल्वेच्या सिग्नलाची ती धाकटी प्रतिकृतिच होती. त्यानंतर उघडझांप करणारे दिवे सार्वत्रिक झाले. मनुष्याचा डोळा स्थिर उजेडापेक्षां लुकलुकणाऱ्या उजेडाकडे लौकर वळतो, हें त्यामागील तत्त्व होय. आपल्या १९८९ सालच्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत या दिव्यांचा रंग पिवळसर नारिंगी असावा आणि त्यांची उघडझांप मिनिटास ६० पेक्षां कमी व १२० पेक्षां अधिक नसावी, असें घालून दिलें आहे.

जुन्या गाड्यांत ही उघडझांप घडवून आणणारी डबी मोठी चतुराईची आहे. मिस्त्री लोक तिला फ्लॅशर म्हणतात. तींत एक बारीक तार ताणून बसविलेली असते आणि तिच्या ताणानें आंतील स्पर्शबिंदु एकमेकांपासून दूर राहतात. खुंटी वळवितांच त्या तारेंतून थोडी वीज वाहूं लागते. दिवे लागावयास ती पुरत नाहीं, परंतु तार तापावयास पुरते. तार तापली कीं लांबते, ताण सैल होतो, स्पर्शबिंदु मिळतात, पूर्ण वीज दिव्यांकडे धांवते आणि ते पेटतात. आतां तारेंतून वीज जाईनाशी होते. ती निवते, आंखडते, स्पर्शबिंदु पुन्हां सुटतात आणि दिवे विझतात. हाच क्रम चालूं राहतो. मात्र ही डबी ठराविक भारासाठीं घडविलेली असते. पुढचा २१ वॅटचा एक व मागचा २१ वॅटचा एक, असे दोन दिवे १२ व्होल्टांवर जळले म्हणजे अदमासें साडेतीन अँपिअर वीज वाहते. तेवढी वाहिली तरच तिचा ठेका बरोबर पडतो. दोहोंतील एक दिवा मुका झाला तर डबी स्वतः धडधाकट असूनहि तिचा ठेका बिघडतो अथवा अजिबात थांबतो. दोष एकीकडे आणि लक्षण दुसरीकडे, असा हा प्रकार आहे. आणि त्यामुळेंच निरपराधी फ्लॅशरास पुष्कळदां शिक्षा होते.

आमचेंहि तेंच होऊं घातलें होतें. "मामा, फ्लॅशर गेला. आतां तो इंग्लंडहून मागवायचा म्हणजे महिना गेला," असें भाचा हताशपणें म्हणाला, आणि पुढें हळूच, "आई म्हणते तेंच खरें. विकून टाकलेली बरी."

सेवारस्त्याच्या कडेस पत्र्याच्या शेडमध्यें गाड्यांच्या विजेचीं कामें करणाऱ्याचें एक दुकान होतें. बाहेर जुन्या बॅटऱ्यांची रांग, आंत भिंतीवर गणपतीची तसबीर आणि खिळ्यांवर लोंबणारीं रंगीबेरंगी वायरींचीं भेंडोळीं. दुकानदार पस्तिशीच्या आंतला, अंगानें सडपातळ, बोलण्यांत मोजका. अशी गाडी त्याच्या दारीं पूर्वीं आली नसावी; तरी नवलाईचा शब्दहि न काढतां त्यानें तिच्याभोंवतीं एक फेरी घातली. भाचा फ्लॅशराविषयीं बोलूं लागला तसा तो म्हणाला, "आधी काय चालतंय ते बघू. काय बंद आहे ते मग बघू."

चाळीस वर्षें मुलांस शिकवून झालेल्या मला हें वाक्य ऐकून जो आनंद झाला तो सांगवत नाहीं. आपली सर्वसाधारण बुद्धि बिघडलेल्या गोष्टीवर एकदम तुटून पडते. जें शाबूत आहे त्याची आधीं मोजदाद करावी, म्हणजे दोषास लपावयास जागा थोडी उरते, ही शिस्त फार थोड्यांच्या अंगीं असते.

त्यानें चावी फिरवून खुंटी उजवीकडे वळविली. पुढचा व मागचा दोन्ही दिवे डौलानें लुकलुकूं लागले आणि डबींतून टिक्-टिक् ऐकूं येऊं लागली. "उजवी चालते," तो म्हणाला. या दोन शब्दांत किती निर्णय सामावले होते पहा. उजव्या व डाव्या दोन्ही बाजूंस वीज येते ती एकाच फ्यूजमधून आणि एकाच फ्लॅशरांतून. खुंटीपाशीं आल्यावरच तिच्या दोन वाटा होतात. अर्थात् बॅटरी, फ्यूज, फ्लॅशर आणि खुंटीपर्यंतची वायर हीं सारीं निर्दोष ठरलीं. मी वर सांगितलेल्या उच्छ्वासांत डोकावून पाहण्याचाच हा प्रकार होता. दोष आतां फक्त डाव्या फांट्यांत शोधावयाचा राहिला.

मग खुंटी डावीकडे वळविली. टिक्-टिक् नाहीं. पुढचा दिवा एकसारखा जळत राहिला, मागचा पिवळा दिवा निष्प्राण. परंतु त्याच्या शेजारचा लाल दिवा, ज्याचा वळण्याशीं कांहीं एक संबंध नाहीं, तो मात्र मिणमिणूं लागला. भाच्याला आणि मला तें दिसलें, पण त्यांत कांहीं विशेष आहे असें वाटलें नाहीं. दुकानदाराच्या मुद्रेवर मात्र ओळखीचें हसूं आलें. तरीहि त्यानें घाई केली नाहीं. मागच्या दिव्याची कांच काढली, बल्ब काढून उजवीकडे बसवून पाहिला; तेथें तो चांगला लागला. म्हणजे बल्ब निर्दोष. मग एका लहान दिव्यास दोन वायरी जोडलेलें आपलें साधन त्यानें घेतलें. एक टोंक गाडीच्या खरवडलेल्या उघड्या लोखंडास लावलें आणि दुसरें होल्डरपर्यंत आलेल्या वायरीस. दिवा लखकन् लागला. म्हणजे वीज तेथवर सुखरूप पोंचत होती. ही वायर हिरवी, तीवर तांबडी रेघ. त्या काळच्या बहुतेक इंग्लिश गाड्यांत लुकास कंपनीची रंगांची एकच परिभाषा चाले: चावी फिरविल्यावर फ्यूजमधून येणारी वीज हिरव्या वायरीनें, डाव्या वळणाची हिरव्यावर तांबड्या रेघेनें, उजव्या वळणाची हिरव्यावर पांढऱ्या रेघेनें, आणि परतीची काळ्या वायरीनें. ही परिभाषा एकदां पाठ झाली कीं गाडीच्या पोटांतील गुंता व्याकरणाच्या तक्त्यासारखा वाचतां येतो.

"करंट येतोय," तो म्हणाला, "पण त्याला परत जायला वाट नाही. काका, याला अर्थच नाही."

क्षणभर मला हंसूं आवरेना. विजेच्या धंद्यांत 'अर्थ' म्हणजे भूमि. बॅटरीचें एक टोंक गाडीच्या धातूच्या अंगास जोडलेलें असतें आणि प्रत्येक दिव्यांतील वीज त्या अंगाच्या द्वारें बॅटरीकडे परत जाते, त्या परतीच्या वाटेचें हें इंग्रजी नांव. संस्कृत शिकविण्यांत ज्याचा जन्म गेला त्याच्या कानीं तें निराळेंच पडतें. शब्द उच्चारला, पण अर्थ नाहीं. खुंटी वळली, पण बोध नाहीं. त्या दिवसाच्या प्रसंगाचें याहून नेमकें वर्णन मलाहि करतां आलें नसतें.

लाल दिवा कां मिणमिणत होता, तेंहि मग त्यानें उलगडून सांगितलें. परतीची सरळ वाट गंजानें बुजली म्हणजे वीज स्वस्थ बसत नाहीं; ती शेजाऱ्याच्या घरांतून वाट काढते. पिवळ्या व लाल दिव्यांची भूमि एकच असल्यानें पिवळ्यांतून निघालेली वीज लाल दिव्याच्या तारेंत उलट शिरून तिकडून दूरच्या कुठल्या तरी दिव्याच्या भूमीपर्यंत जात होती. या आडवाटेंत तिचा जोर इतका खर्ची पडे कीं पिवळा दिवा लागतच नसे, आणि भार न भरल्यामुळें फ्लॅशरहि गप्प राहत असे. असंबद्ध दिवा मिणमिणूं लागला कीं आधीं भूमि तपासावी, असा त्याचा नियम होता.

अजून हें अनुमानच होतें. त्यानें एक सुटी वायर घेऊन तिचें एक टोंक दिव्याच्या धातूच्या बैठकीस आणि दुसरें सांगाड्याच्या उघड्या लोखंडास टेंकविलें. त्याच निमिषास टिक्-टिक् सुरू झाली आणि पिवळा दिवा लुकलुकूं लागला. वायर काढली, सारें थांबलें. पुन्हां लावली, पुन्हां सुरू झालें. अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह शिकवितांना अन्वय आणि व्यतिरेक यांचीं उदाहरणें मीं स्वयंपाकघरांतील धूर व तळ्यांतील धुराचा अभाव यांवरून शेंकडों वेळां दिलीं असतील. कारण असतां कार्य असणें हा अन्वय, कारण नसतां कार्य नसणें हा व्यतिरेक. दोहोंचा मेळ बसला म्हणजे निश्चय झाला. येथें तो मेळ माझ्या डोळ्यांदेखत एका वितीच्या वायरीनें बसविला जात होता. त्या कारागिरास हीं नांवें ठाऊक नव्हतीं. परंतु ज्याला पदार्थाचें ज्ञान आहे, त्यास नांवाचें अडत नाहीं.

दुरुस्ती सोपी होती. दिव्याच्या बैठकीखालीं रबराची पट्टी होती, आणि भूमीचें काम करणारा स्क्रू साठ पावसाळ्यांच्या गंजानें व पूर्वीं कोणी तरी दिलेल्या रंगाच्या जाड थरानें झांकून गेला होता. यांत बनविणाराचा दोष म्हणतां येणार नाहीं. काळ आपलें काम करतोच. दुकानदारानें स्क्रू काढला, लोखंड पॉलिश पेपरनें चकचकीत होईतों घासलें, दांतेरी वॉशर घालून तो पुन्हां आंवळला, वरून गंज न धरावा म्हणून व्हॅसलीनचें बोट फिरविलें. आणि बैठकीपासून सांगाड्याच्या बोल्टापर्यंत एक स्वतंत्र काळी वायर टाकून दिली. उजवीकडेहि तसेंच केलें. "तिकडचाही आज ना उद्या जाणार," असें त्याचें म्हणणें.

भाच्यास अजून एक मोह होता. बाजारांत नव्या पद्धतीचे इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर मिळतात, तोच एक बसवून टाकावा असें त्यानें सुचविलें. दुकानदारानें आसनांमागील फळी उचलून पाहिली. तिच्याखालीं सहा-सहा व्होल्टांच्या दोन बॅटऱ्या एकीस एक जोडून बारा व्होल्ट केलेले असतात. "हिचा प्लस बॉडीला आहे," तो म्हणाला. हल्लींच्या गाड्यांत ऋण टोंक अंगास जोडतात. या जुन्या इंग्लिश गाडींत धन टोंक जोडलेलें. साध्या दिव्यास अथवा तापणाऱ्या तारेस वीज कोणत्या दिशेनें आली याची पर्वा नसते. परंतु हल्लींच्या गाड्यांसाठीं केलेली इलेक्ट्रॉनिक डबी येथें बसविली तर ती चालणार तर नाहींच, उलट जळण्याचा संभव. चालत्या जुन्या वस्तूस नवी वस्तु केवळ नवी म्हणून जोडूं नये, एवढा बोध त्यांतून निघाला.

हें सर्व चाललें असतां शेडच्या बाहेर बांकावर गांवांतील एक वृद्ध गृहस्थ येऊन बसले होते. डोक्यास पांढरी टोपी, हातांत काठी. त्यांचें कांहीं रान रस्त्याच्या पलीकडे आहे. पूर्वीं बैल सोडले कीं ते आपोआप रस्ता ओलांडून गोठ्यांत येत, असें ते सांगत होते. आतां माणसासहि ओलांडतांना चार वेळां मागें फिरावें लागतें. सेवारस्त्यावरून शाळेचीं मुलें, दुधाच्या किटल्या लावलेल्या सायकली, डोक्यावर भाजीची पाटी घेतलेल्या बाया यांची ये-जा सारखी चालूं होती. आणि महामार्गावरून उतरणारें प्रत्येक वाहन त्यांच्याच अंगावर येई. मीं विचारलें, "एवढ्या गाड्यांची भीति नाहीं वाटत?" ते म्हणाले, "गुरुजी, गाड्या किती का येईनात. वळणार का सरळ जाणार, एवढं जरी आधी कळलं तरी आम्ही जगतो."

या एका वाक्यानें त्या सकाळचें सगळें तात्पर्य माझ्यापुढें उभें राहिलें. वळणाचा दिवा हा गाडींतील मनुष्यासाठीं नसतोच. तो लागला काय, न लागला काय, आंत बसलेल्यास आपण कोठें वळणार हें ठाऊकच असतें. गाडीच्या इतर साऱ्या भागांचा बिघाड मालकास त्रास देतो आणि म्हणून त्याच्या लौकर ध्यानांत येतो. हा एकच बिघाड असा आहे कीं त्याचें दुःख परक्यास होतें आणि मालक सुखानें पुढें जातो. मोटारसायकलवरील त्या मुलीस आमच्या खुंटीचें काय ठाऊक? तिला दिसावयाचें होतें तें फक्त मागच्या कांचेंतून.

काम होण्यास तासाच्या वर कांहीं वेळ लागला. त्यानें दीडशे रुपये मागितले. भाच्यानें अधिक देऊं केले ते त्यानें घेतले नाहींत. निघण्यापूर्वीं मीं घड्याळ लावून उघडझांप मोजली. मिनिटास ऐशींच्या आसपास भरली. मग आम्ही नसरापुरास जाऊन बनेश्वराचें दर्शन घेतलें. नानासाहेब पेशव्यांच्या काळचें तें देवालय, सभोंवतीं गर्द झाडी, कुंडांचें थंड पाणी. आणि चिमाजी आप्पांच्या वसईच्या मोहिमेंतून आलेली म्हणून सांगतात ती पोर्तुगीज घंटा. त्या स्थळाचें वर्णन अनेकांनीं केलें असल्यानें त्याची पुनरुक्ति करीत नाहीं.

ज्यांच्या घरीं वाडवडिलांची अशी जुनी गाडी असेल त्यांच्यासाठीं मात्र त्या कारागिराच्या रीतीचा सारांश देऊन ठेवतों. दोन्ही बाजूंचे दिवे बंद असतील तर प्रथम फ्यूज पहावा. त्याच फ्यूजवरील ब्रेकचा दिवा अथवा पेट्रोलचा कांटा चालतो कीं नाहीं, यावरून त्याची परीक्षा न उघडतांहि होते. ते चालत असतील तर फ्लॅशर आणि त्याच्या वायरी तपासाव्या. एकच बाजू बंद असेल तर फ्यूज व फ्लॅशर यांस हात लावूं नये. त्या बाजूचे बल्ब, होल्डर आणि भूमि हीं पहावींत, व भूमि सर्वांत आधीं. बल्ब बदलतांना तो पूर्वींच्याच वॅटचा असावा, कमी वॅटच्या बल्बानें ठेका बिघडतो. शेवटीं, कोणताहि नवा भाग मागविण्यापूर्वीं सुट्या वायरीचा तो एक प्रयोग करून पहावा. त्यास खर्च नाहीं, आणि तो खोटें बोलत नाहीं.

गाडी विकण्याचा प्रश्न घरीं पुन्हां निघाला तेव्हां भाच्यानें सर्व हकीकत आईस सांगितली. मोटारसायकलचीहि लपविली नाहीं. माझी भगिनी बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, "ठेवायची का विकायची ते सावकाश ठरवा. पण मुक्यानं रस्त्यावर जायचं नाही." तेव्हांपासून घरांत एक नेम पडला आहे. गाडी अंगणांतून बाहेर काढण्यापूर्वीं एक नातू पुढें आणि एक नात मागें उभी राहते. आंतून भाचा खुंटी वळवितो आणि मुलें मोठ्यानें ओरडून सांगतात: "डावा लागला! उजवा लागला! ब्रेक लागला!" मागें उभें राहण्याचा मान कोणाचा, यावरून दर रविवारीं भांडण होतें, तें मिटविण्याचें काम माझ्याकडे आहे.